चारनंतरची तारीख

मित्रांनो, काचेच्या पेटीत लाल कापडावर जो लाकडी मुठीचा शिक्का दिसतो आहे, तो मीच. पेटीवरच्या चिठ्ठीत लिहिले आहे, 'जुना आवक शिक्का. चालू स्थितीत.' चिठ्ठी लिहिणाऱ्याने माझ्यावर मेहेरबानीच केली. माझ्याबद्दल खरे लिहायचे तर चिठ्ठी पुरली नसती आणि तुम्ही माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलेही नसते. आपली कहाणी सांगणारे आधी आपली थोरवी सांगतात. मी आधी हे सांगतो की मला माझी लाज वाटते. का वाटते, ते आता ऐका.

माझा जन्म एका बोळातल्या शिक्के करणाऱ्याच्या दुकानात झाला. दुकान एवढेसे की मालक उठून उभे राहिले की गिऱ्हाइकाला बाहेर जावे लागे. मालकांनी माझी शिसवी मूठ घासून गुळगुळीत केली आणि तिला पितळी अंग जोडले. त्यांच्या बायकोने माझ्या पोटात रबराचे तीन पट्टे बसवले. एक दिवसाचा, एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. बाजूची दातेरी चाके बोटाने फिरवली की तारीख बदलायची. ती बाई दिवसाचा पट्टा एकेक घर फिरवून एकपासून एकतीसपर्यंत प्रत्येक आकडा कागदावर उमटवून बघत असे. मालक कंटाळून म्हणाले, "अगं, दोन-चार आकडे बघितले की झालं." त्यावर ती म्हणाली, "आणि ज्याचा आकडा चुकेल त्याला काय सांगू? बाकीचे तीस बरोबर होते म्हणून?" तेव्हा मला ती उगाच कटकटी वाटली होती.

मी गेलो तो थेट राष्ट्रप्रमुखांच्या कचेरीत. कचेरी मोठी, तिचे पुढचे दार मोठे, दाराशी पितळी बटणांचा पहारेकरी. माझी जागा मात्र मागच्या अंगाला, आवक खिडकीशी. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी या खिडकीत यायचा. त्याच्यावर 'आवक' हा शब्द आणि त्याखाली तारीख उमटवायची, एवढेच माझे काम. पण मला वाटे, मी उठतो म्हणून तर कागद कागद होतो. माझ्या आधी तो नुसता रद्दीचा तुकडा. शेजारची शाईची गादी मला म्हणायची, "अरे, शाई माझी, हात त्यांचा, यात तुझं काय?" मी तिच्याकडे काणाडोळा करत असे.

माझा हात म्हणजे टपालमामा. खिडकीशी बसणाऱ्या कारकुनाला सगळी कचेरी याच नावाने ओळखत असे. नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी दहाला दोन मिनिटे कमी असताना कुलूप उघडायचे, आधी मला मऊ फडक्याने पुसायचे, मग स्वतःचा चष्मा. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरी एक मुलगी, शाळेत शिक्षिका. मामा खिडकीतल्या माणसाशी गोड बोलत, पण कुणाचे पत्र कधी वाचत नसत. पत्र घ्यायचे असते, वाचायचे नसते, असे ते नव्या कारकुनांना सांगत.

मामांची आणि माझी एक सवय होती. पुढचे सगळे रामायण त्या सवयीने घडले, म्हणून नीट ऐका. रोज चार वाजता आवक नोंदवही सहीसाठी वर जायची. ती गेली की त्या दिवशीची नोंद बंद. मग चारनंतर येणाऱ्या कागदाचे काय? मामांच्याही आधीच्या कारकुनाने यावर तोड काढून ठेवली होती. चारचा टोला पडला की माझे चाक एक घर पुढे सारायचे. चारनंतरच्या कागदावर उद्याची तारीख मारायची आणि तो 'उद्याच्या कप्प्यात' टाकून द्यायचा. कुणाचे काही बिघडत नव्हते, असे आम्हाला वाटत होते. अभिनंदनाची पत्रे, आमंत्रणे, कुणाचे गाऱ्हाणे. एक दिवस इकडे की तिकडे, कोण विचारतो? तीस वर्षांत कितीजणांचा आज मी उद्या केला असेल, हे मोजायला आता मला भीती वाटते.

मग ती निवडणूक झाली. मित्रांनो, सरकार कसे बनते ते तुम्हाला ठाऊक असेल. लोक सभागृहात आपले सदस्य निवडून पाठवतात आणि निम्म्याहून अधिक सदस्य ज्याच्या बाजूने उभे राहतात, त्याला सरकार बनवता येते. त्या वर्षी सभागृहात दोनशे एक सदस्य होते, म्हणजे निदान एकशे एकजण पाठीशी हवे. सगळ्यांत मोठ्या पक्षाकडे होते नव्याण्णव. बाकीचे दोन पक्ष एकत्र आले, तर त्यांचेही भरले नव्याण्णव. उरले फक्त तीनजण, जे कुणाच्याच पक्षातून नव्हे तर स्वतःच्या बळावर निवडून आले होते. एक गिरणीवाले, एक वकीलसाहेब आणि एक निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. सारा देश या तिघांच्या तोंडाकडे बघत होता.

राष्ट्रप्रमुखांनी जाहीर केले, ज्यांना कुणाला पाठिंबा द्यायचा असेल त्यांनी तो लेखी द्यावा. मुदत, चौदा तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत. कचेरीत लाल किनारीचे परिपत्रक फिरले. आवक खिडकी सहापर्यंत उघडी राहील, कागदावर त्याच दिवसाची तारीख पडेल आणि कागद तात्काळ सचिवांकडे जाईल. परिपत्रक मामांच्या टेबलावर आले तेव्हा ते शेजारच्या टंकलेखिकेशी सर्दीवरच्या काढ्याबद्दल बोलत होते. सहापर्यंत बसायचे आहे एवढे त्यांच्या कानावर आधीच आले होते. त्यांनी खालच्या ओळीत सही केली आणि कागद पुढे सरकवला. तीस वर्षांत शेकडो परिपत्रके अशीच पुढे गेली होती.

चौदा तारीख उजाडली. पुढच्या दारी वार्ताहरांची ही झुंबड, मागे आमच्या खिडकीशी मात्र शुकशुकाट. चार वाजले. मामांच्या अंगठ्याने माझे चाक एक घर पुढे सारले. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. बोटांना ते पाठ होते. माझ्या पोटातला चौदा गेला, पंधरा आला, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी खिडकीशी एक बाई आल्या. साध्या सुती कपड्यातल्या, घामाघूम झालेल्या. बसमधून उतरून चढ चालत आल्या होत्या. गर्दी टाळायला मुद्दाम मागच्या बाजूने आल्या. त्याच सिस्टर. तिघांनी सही केलेले पत्र आणि त्याची प्रत त्यांनी खिडकीतून आत सरकवली. तिघांनीही दोन पक्षांच्या आघाडीला पाठिंबा दिला होता. मामांनी त्यांना आपल्या बाटलीतले पाणी दिले.

"वेळेत आलंय ना?" सिस्टरांनी विचारले.

"अजून दीड तासाच्या वर आहे. निश्चिंत राहा, बाई," मामा म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण पाणी पिता पिता सिस्टरांनी आपल्या जुन्या दवाखान्याचे नाव काढले आणि मामांचा चेहरा उजळला. त्यांची मुलगी त्याच दवाखान्यात जन्मली होती. कोणते साल, कोणता वॉर्ड, असे करता करता लक्षात आले की ते बाळ पहिल्यांदा हातात घेणाऱ्या सिस्टर याच. मामा बोलत राहिले, मुलीचे शिक्षण, मुलीची शाळा, आणि बोलता बोलता त्यांच्या हाताने मला उचलले, गादीवर टेकवले, पत्रावर दाबले, प्रतीवर दाबले. पत्र उद्याच्या कप्प्यात गेले. प्रत सिस्टरांच्या पिशवीत गेली. त्यांनीही ती पाहिली नाही, कारण त्या मामांकडे पाहून हसत होत्या. त्या दिवसातला सगळ्यांत सुखाचा क्षण तो होता, आणि त्याच क्षणी आम्ही दोघांनी घात केला.

पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता राष्ट्रप्रमुखांनी आलेले कागद पाहिले. पाठिंब्याचे एकही पत्र नव्हते. तेव्हा जो सगळ्यांत मोठा पक्ष, त्याच्या नेत्याला सरकार बनवण्याचे आमंत्रण गेले. शपथ घेतल्यापासून दहा दिवसांत, म्हणजे अठ्ठावीस तारखेपर्यंत, सभागृहात बहुमत सिद्ध करावे असे ठरले. शपथविधी अठराला. अकरा वाजता उद्याचा कप्पा उघडला आणि पत्र वर गेले.

दुपारपर्यंत गावभर गदारोळ. सिस्टर वार्ताहरांसमोर उभ्या राहिल्या. मी स्वतः चौदाला पत्र दिले आहे, ही बघा पोच, असे म्हणून त्यांनी पिशवीतली प्रत उघडून धरली. प्रतीवर मी होतो. जांभळा, ठसठशीत, पंधरा तारीख. आधी एकजण हसला, मग सगळे हसले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचे चित्र आले, तोंड अर्धवट उघडे, हातात तो कागद. खाली लिहिले होते, सिस्टरांची थाप. ते वर्तमानपत्र कुणीतरी आमच्याच खिडकीत डबा ठेवायला पसरले होते. मी पूर्ण दिवस त्या चित्रावर उभा होतो.

पण त्याआधी पंधराच्या दुपारी सचिवांनी मामांना बोलावले, शिक्का घेऊन या म्हणून. सचिव हा सरळ माणूस होता. मला त्यांनी हातात घेऊन उलटेपालटे केले, मामांकडे परत दिले, मग पत्र पुढे केले.

"हा ठसा तुमच्या हातचा?"

"हो, साहेब."

"तारीख पंधरा."

"हो, साहेब."

"शिक्का काही खोटं बोलत नाही," सचिव स्वतःशीच म्हणाले आणि मग त्यांनी वर पाहिले. "मामा, आणखी काही सांगायचंय?"

मित्रांनो, मामांची पकड माझ्या मुठीवर घट्ट झाली. त्यांच्या तळव्याला घाम फुटला होता. सेवा संपायला चार महिने उरले होते. परिपत्रकावरची सही फायलीत होती. तीस वर्षांत एक ठपका नाही, असे ते ज्याला त्याला सांगत आले होते. मला वाटले, आता बोलतील.

"नाही, साहेब," मामा म्हणाले.

ते खोटे बोलले नाहीत, असे त्यांनी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले असेल. विचारले तेवढ्याला खरे उत्तर दिले. पण मला ठाऊक आहे ना, त्या हाताला किती घाम आला होता. आणि मी तरी काय केले? सचिवांनी मला खरे म्हटले आणि मी पितळेसारखा चमकत बसलो.

अठराला शपथविधी झाला. मग मोठ्या पक्षाला आणखी दोनजण हवे होते, आणि ते मिळवायला दिवसही होते. बाविसाव्या तारखेला गिरणीवाले आणि वकीलसाहेब मंत्री झाले. आमचे पत्र वेळेवर पोचले नाही यातच काय ते समजा, असे वकीलसाहेब हसत हसत म्हणाले म्हणे. सिस्टरांकडेही माणसे गेली. त्यांनी चहा पाजून त्यांना परत पाठवले.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मामा मला घरी नेऊन धूत असत. कोमट पाणी, साबण, जुना दात घासायचा ब्रश. त्या रविवारी, चोवीसला, संध्याकाळच्या जेवणाआधी मी टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वाळत पडलो होतो. समोर मुलगी नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत होती. प्रश्न होता, सरकार कसे बनते? ती मधेच हसायला लागली.

"बाबा, हे ऐका. एकाने लिहिलंय, 'ज्याला जास्त सदस्य हो म्हणतात त्याचे सरकार बनते. मोजणाऱ्याने नीट मोजावे.'" तिने लाल पेन उचलले. "शेवटचं वाक्य पुस्तकात नाही. अर्धाच गुण देते."

मामांनी धुतलेला ब्रश खाली ठेवला. "पूर्ण दे," ते म्हणाले.

मुलीने वर पाहिले. मग मामांनी तिला सगळे सांगितले. चारचा टोला, चाक, कप्पा, सचिवांचा प्रश्न आणि आपले उत्तर. तिला पहिल्यांदा हातात घेणारी बाई कोण, हेही सांगितले. सांगताना ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. मुलीने त्यांना धीर दिला नाही आणि रागावलीही नाही. उठून तिने दोघांची ताटे वाढली आणि एवढेच म्हणाली, "उद्या सोमवार आहे, बाबा."

सोमवारी मामा दिवसभर लिहीत होते. लिहायचे, फाडायचे, पुन्हा लिहायचे. खिडकीशी कुणी आले की कागद उलटा करायचे. चारचा टोला पडला आणि त्यांच्या अंगठ्याने माझे चाक सवयीने पुढे सारले. सव्वाचारला त्यांचे पत्र पुरे झाले. राष्ट्रप्रमुखांच्या नावे, एका पानाचे. त्यांनी मला उचलले, गादीवर टेकवले आणि कागदावर टेकणार तोच हात हवेतच थांबला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी मला डोळ्यांशी धरले. पोटात सव्वीस होता.

त्यांनी चाक मागे फिरवले. तीस वर्षांत मला कुणी मागे फिरवले नव्हते. दाते गंजलेले, पट्टा कडक. नखाने रेटून रेटून त्यांनी पंचवीस आणला तेव्हा त्यांची बोटे जांभळी झाली होती. मग त्यांनी स्वतःच्याच कबुलीवर मला दाबले आणि कागद कप्प्यात न टाकता हातात घेऊन जिना चढले.

चूक जाहीर झाली. पत्र चौदालाच आले होते, असे कचेरीने छापून कळवले आणि खेद व्यक्त केला. मला कागदी पाकिटात घालून मोहोर लावली, पुरावा म्हणून. पण शपथ झालेली होती. बहुमत कुणाचे हे आता सभागृहातच ठरेल, असे राष्ट्रप्रमुख म्हणाले, आणि तेच योग्य होते. अठ्ठावीसला मतदान झाले. सचिवांच्या कपाटात पडल्या पडल्या मी ते रेडिओवर ऐकले. सरकारच्या बाजूने एकशे एक. विरुद्ध शंभर. त्या शंभरांतल्या शेवटच्या होत्या सिस्टर. चौदाला पत्र वर पोचले असते तर आकडे वेगळे असते का? असते असे मला वाटते. गिरणीवाले आणि वकीलसाहेब तेव्हा अजून आपल्या सहीच्या बाजूला होते. लोकांनी काय ठरवले होते ते बदलायला दहा दिवस पुरले, आणि ते दहा दिवस आम्ही दिले.

एकोणतीसला सचिवांनी सिस्टरांना बोलावून रीतसर माफीचे पत्र दिले. मामांनाही बोलावले होते, त्यांच्या हाती घरी बसण्याचा आदेश होता. माझे पाकीट कपाटातून काढून टेबलावर ठेवले होते. मला दिसत काही नव्हते, ऐकू मात्र येत होते. मामा म्हणाले, "बाई, तुम्हाला तोंड दाखवायची लायकी नाही माझी."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं जन्माच्या नोंदी केल्या, मामा. नोंदवही चारनंतर आमचीही बंद व्हायची. पण पाचला जन्मलेल्या बाळाला मी उद्याची तारीख कधी घातली नाही. तुमच्या मुलीलाही नाही. संध्याकाळी झाली होती ती."

मामा रडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सिस्टरांनी त्यांना बसायला सांगितले आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला, एवढे मला पेल्याच्या आवाजावरून कळले.

पुढे खिडकीत यंत्र आले. ते तारीख आणि वेळ आपोआप छापते, चार वाजता त्याला काही होत नाही. माझे पाकीट बरीच वर्षे कपाटात पडून होते. मग कचेरीतल्या एका दालनात जुन्या वस्तू मांडल्या आणि मला पाकिटातून काढून या पेटीत ठेवले. माझ्या पोटात अजून पंचवीसच आहे. ते चाक पुन्हा कुणी फिरवले नाही.

दर वर्षी एक शिक्षिका आपला वर्ग घेऊन येते. ती चिठ्ठीवरचे वाचून थांबत नाही, सगळे सांगते, आणि शेवटी सांगते की तो कारकून म्हणजे तिचे वडील. गेल्या वर्षी ती मामांनाही घेऊन आली. केस पार पांढरे, हातात काठी. मुले माझ्याभोवती कोंडाळे करून उभी होती आणि मामा मान खाली घालून सगळ्यांच्या मागे. निघताना त्यांना दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत सही करायची होती. साडेचार होऊन गेले होते. रखवालदाराने वही मिटत आणली होती. तो म्हणाला, "आजोबा, आजचं पान बंद केलंय मी. उद्याच्या पानावर लिहा ना, काय फरक पडतो?"

मामांनी वही जवळ ओढली. "पान उद्याचं चालेल," ते म्हणाले. "तारीख मात्र आजची घालतो."

त्यांनी ती घातली, आणि चष्मा कपाळावर सारून पुन्हा एकदा वाचून पाहिली.

मित्रांनो, तुमच्यातले काहीजण उद्या कुठल्यातरी खिडकीशी बसतील. तुमच्याही हाती एखादे यंत्र असेल, एखादी वही असेल, कुणाचा तरी कागद असेल. त्याला पुसा, जपा, पण नुसते चकचकीत ठेवून भागत नाही. मीही चकचकीतच होतो. हात आपल्या सवयीने चालू लागला की एकदा थांबून त्याच्याकडे बघा. आणि चुकलात, तर कुणी विचारायच्या आधी सांगा. विचारल्यावरही गप्प राहिलेल्या दोघांपैकी एक मी आहे. चार वाजून गेले तरी आजचा दिवस आजच असतो, एवढे शिकायला मला तीस वर्षे लागली.